अंगाला माती

"मग मी खोटं काय बोललो? एक शब्द दाखवा, वस्ताद. एक!"

सर्जेराव खोचरे तालमीत शिरले ते असं ओरडतच. पायांत बूट तसेच. तालमीत बूट घालून कोणी येत नाही. ज्या माणसाने इथली माती वर्षानुवर्षं उकरली, त्याला हे सांगावं लागू नये.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कठड्यावर बसून लिंबं चिरत होते. मातीत पिळायची लिंबं. वय ऐंशीच्या पुढे, डावा गुडघा कधीचाच कामातून गेलेला. त्यांनी मान वर केली आणि बुटांकडे पाहिलं.

सर्जेरावांनी बूट काढले. याचाही त्यांना राग आला.

तसा त्यांना सकाळपासून सगळ्याचाच राग येत होता. ते तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष. आमदारकीचं तिकीट यंदा मिळणार म्हणून गावोगावी फलकसुद्धा लागले होते. आणि आज दुपारी बाराला संघाची वार्षिक सभा होती, त्या सभेत अध्यक्षांना खुर्चीवरून खाली ओढायचं, असं गोठ्यागोठ्यांतून ठरलं होतं. खुर्ची गेली की तिकीट गेलं. तिकीट गेलं की सर्जेराव खोचरे म्हणजे फलकावरचा फोटो.

"बस," वस्ताद म्हणाले.

"बसायला वेळ नाही. तुम्ही चला. गाडी आणलीय."

"कुठं?"

"सभेला. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसायचं. बोलायचं काही नाही. नुसतं बसा."

"नुसतं?"

"नुसतं. लोक तुमचं ऐकतात."

"मी बोलणारच न्हाई, तर ऐकणार काय?"

सर्जेरावांना हसू आलं नाही. वस्तादही हसले नव्हते.

...

प्रकरण साधं होतं. संघाचा भुकटीचा प्लँट सर्जेरावांनी एका खाजगी कंपनीला चालवायला दिला होता. वीस वर्षांच्या कराराने. सभासदांना कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. एके सकाळी फाटकातून परक्या रंगाचे टँकर आत गेले, तेव्हा लोकांना कळलं.

मग गावोगाव बैठका झाल्या. लोक विचारत गेले आणि अध्यक्ष उत्तरं देत गेले.

प्लँट विकला का? "संघाची एक वीटही विकलेली नाही." खरं होतं. विकला नव्हता, दिला होता.

दुधाचा दर कोणी पाडला? "संघानं दर पाडलेला नाही." खरं होतं. कंपनीने पाडला होता.

आमची पोरं कामावरून काढली का? "संघानं एकाही कामगाराला काढलेलं नाही." हेही खरं. संघाने पोरं कंपनीच्या ठेकेदाराकडे सोपवली, आणि ठेकेदाराने सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

सगळं खरं. असं खरं बोलायला वकील लागतो, आणि सर्जेरावांनी तो ठेवला होता.

"दोन-दोन तास बसवून घेतलं मला," सर्जेराव आता येरझाऱ्या घालत होते. "म्हातारे उठले, पोरं उठली, बायका उठल्या. हे विचार, ते विचार. पण एकालाही सापडलो नाही मी!"

वस्तादांची सुरी थांबली.

"सापडला न्हाईस?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच!"

"मग चिडलाईस कशाला? जिंकलास की."

सर्जेराव उभ्या जागी थांबले.

...

मग ते सुटलेच.

"चिडू नको तर काय करू? या लोकांसाठी मी काय कमी केलं? डोंगरातल्या वाड्यांवर संकलन केंद्रं कोणी काढली? रात्रीबेरात्री म्हैस अडली तर डॉक्टर जातो, तो कोणी नेमला? आणि आज माझ्या तोंडावर दारं लावतात! परवा एका घरात पाणी मागितलं, तर म्हातारी म्हणाली, पाणी देऊ, पण आधी लिहून द्या की पाणीच मागितलंय."

वस्तादांच्या मिशा किंचित हलल्या.

"हसा. तुम्हीही हसा." सर्जेरावांचा आवाज फाटला. "प्लँट चैनीसाठी नाही दिला मी. बॉयलर गेला होता. नवा घ्यायची संघाची ऐपत नव्हती. दिला नसता, तर दिवाळीच्या आत फाटकाला कुलूप लागलं असतं. या लोकांनी दूध ओढ्यात ओतलं असतं, ओढ्यात! मी वाचवलं त्यांना."

"हे सांगितलंस त्यास्नी?"

"काय?"

"बॉयलर गेला. ऐपत न्हाई. कुलूप लागंल. हे."

"सांगून त्यांना समजलं असतं? दंगा केला असता. अर्ध्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी दूध दुसरीकडं घातलं असतं."

"इचारलंस?"

सर्जेरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"म्हंजे तुझा त्यांच्यावर भरवसा न्हवता," वस्ताद म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण सुरी त्यांनी कठड्यावर आपटली तशी एक लिंबू घरंगळत हौद्यात पडलं. "आनि त्यांनी तुझ्यावर ठिवायचा. तोबी मी शेजारी बसलो म्हणून. व्हय रे?"

...

कोनाड्यातल्या मारुतीपुढे उदबत्ती जळत होती. वस्तादांनीच सकाळी लावलेली, रोजच्यासारखी. तिचा धूर सरळ वर जात होता. सर्जेराव त्या धुराकडे बघत राहिले. पुढचं बोलावं की नाही, ते ठरवत होते. मग ठरवायच्या आधीच बोलून गेले.

"भरवशाचं तुम्ही मला सांगू नका, वस्ताद. तुम्ही तर नाहीच."

वस्तादांनी वर पाहिलं.

"जत्रेचं मैदान आठवतंय? का विसरला?"

कोण विसरेल? कुस्ती लागण्याआधी दोन्ही पैलवान वाकतात, मूठभर माती उचलतात आणि एकमेकांच्या अंगाला लावतात. दंडांना, खांद्यांना, पाठीला. घामाने पकड निसटू नये म्हणून. आपल्याला धरायची सोय समोरच्याला करून द्यायची आणि मग लढायचं, अशी ही रीत आहे. त्या वर्षी जत्रेत तरण्या सर्जाने सकाळीच पाठीला आणि खांद्यांना तेल चोळलं होतं. वरून माती लावली. बेळगावकडचा मल्लू नावाचा पोरगा त्याच्यापुढे होता. मल्लूने धरावं आणि हात निसटावा, पुन्हा धरावं आणि पुन्हा निसटावा. मैदान बेभान झालं होतं. सर्जा, सर्जा, सर्जा. त्याचा बाप पटका उडवत नाचत होता.

मग दस्तगीर वस्ताद लंगडत मैदानात आले. स्वतःच्याच पठ्ठ्याच्या पाठीवरून त्यांनी तळहात फिरवला आणि तो हात वर केला. उन्हात चकाकत होता. चारही बाजूंना फिरून त्यांनी तो दाखवला. नंतर मल्लूचा हात उचलला.

"भर मैदानात!" सर्जेरावांच्या बोलण्यातून आता व्यासपीठ गळून पडलं होतं. "माझ्या बापापुढं! मला कोपऱ्यात घेऊन चार थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. पर न्हाई. तुमी हात दाखवत फिरला. आनि लोकांनी खांद्यावर कुणाला घेतलं? मल्लूला न्हाई. तुमाला! त्या दिवसापासनं चाळीस गावं तुमचा शब्द मानत्यात. माझी अब्रू घालवून झाली तुमची पत. त्यातली जरा आज मला द्या. एवढंच मागायला आलोय."

एका दमात बोलले आणि धापा टाकत उभे राहिले.

वस्ताद चिडले होते, हे नक्की. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सर्जेरावांना त्या लहानपणापासून माहीत होत्या.

"तेल आण," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"तेल. कोनाड्यात बाटली हाय."

...

सर्जेरावांनी बाटली आणून दिली. का दिली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वस्ताद म्हणाले की करायचं, ही सवय अंगातून गेली नव्हती.

वस्तादांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. तळहातावर तेल घेतलं. मनगटापासून कोपरापर्यंत चोळलं, आधी एका हाताला, मग दुसऱ्याला. घाई केली नाही. सुरकुत्यांमध्ये तेल जिरायला वेळ लागत होता, ते पुन्हा ओतत होते.

"वस्ताद, साडेअकरा होत आले."



तेलाची बाटली खाली ठेवून म्हातारा भिंतीच्या आधाराने उठला. हौद्याच्या कठड्यावर चढला. हौद्याकडे पाठ केली. डावा गुडघा वाकतच नव्हता.

"उतरा खाली. पडाल."

"व्हय," वस्ताद म्हणाले. दोन्ही हात पुढे केले. "पडतोय. धर."

आणि मागे झुकले.

खेळ नव्हता तो. सर्जेरावांना ते त्याच क्षणी कळलं. त्यांनी झेप घेतली आणि दोन्ही मनगटं पकडली. पूर्ण ताकदीने. अजूनही त्या हातांत ताकद होती. पण मनगटं निसटली. त्यांनी पुन्हा पकडली, तर हाताला बोटांची टोकं लागली आणि तीही गेली.

म्हातारा पाठीवर पडला. माती मऊ होती, पण कोपर कठड्यावर आपटलं. त्याचा आवाज झाला.

"येड लागलंय काय तुमाला?" सर्जा किंचाळला. "तेल लावल्यावर धरू कसा मी?"

तालमीच्या कौलांखाली तो आवाज घुमला.



सर्जा हौद्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला होता. त्याचे दोन्ही तळहात समोर होते. तेलाने चकाकत होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

वस्ताद मातीत उताणे पडून वरच्या कौलांकडे बघत होते. कोपरातून रक्त येत होतं आणि ते लाल मातीत लगेच दिसेनासं होत होतं. कण्हले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पडल्यापडल्याच मूठभर माती घेतली, स्वतःच्या हाताला घासली आणि तो हात वर केला.

सर्जाने धरला. या वेळी हात निसटला नाही. त्याने म्हाताऱ्याला ओढून बसवलं. नंतर खांदा देऊन उभं केलं. उभं करताना त्याच्या लक्षात आलं की आपण रडतोय. ते काही फार वेळ टिकलं नाही, रागाने त्याने नाक पुसलं.

"हाड मोडलं असतं तर?"

...

बाहेर माणसांचा आवाज आला. अध्यक्षांची गाडी तालमीपाशी उभी आहे, हे कळायला गावात वेळ लागत नाही. सभेला निघालेल्या बायका वाट वाकडी करून इकडे आल्या होत्या. पंधरा-वीस असाव्यात. सगळ्या दूध घालणाऱ्या.

तालमीत बाईमाणूस पाऊल टाकत नाही. म्हणून शालन पोवार उंबऱ्याबाहेर थांबली. तीन म्हशींची धनीण. तिचा थोरला प्लँटमध्ये होता, सोमवारपर्यंत.

"चेअरमन," ती म्हणाली. "सभंत तुमी लई बोलता. म्हणून हितंच एक इचारतो. प्लँट दिला का न्हाई? व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा."

सर्जा वळला. चेहरा पुसला. सदऱ्याची घडी ओढून सरळ केली. सवयीने ओठांवर ते हसू आलं, फलकावरचं.

"मावशी, त्याचं काय आहे बघा. संघाची एकही वीट आपण—"

"आलं परत!" मागून एक बाई ओरडली. "विटा मोजतोय मुडदा!"

"मला बोलू तरी द्या. संघानं अधिकृतरीत्या—"

एक हात त्याच्या छातीवर पडला. मातीने भरलेला.

वस्ताद समोर उभे होते. त्यांनी त्याच्या पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर ती माती चोळली. मग वाकले, वाकताना कण्हले, आणि पुन्हा मूठ भरून घेतली. एका खांद्यावर लावली. दुसऱ्या खांद्यावर लावली. मग दोन्ही दंडांना, वरून खाली, सावकाश. मैदानात जोडीला लावतात तशी. त्यांच्या कोपराचं रक्तही त्या सदऱ्याला लागलं.

उंबऱ्याबाहेरच्या बायका पुढे सरकून बघत होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी जत्रेचं मैदान आयुष्यभर पाहिलं होतं.

सर्जा हलला नाही. हात खाली सोडून उभा राहिला. लहान असताना असाच उभा राहायचा. पहिल्यांदा जोड खेळायला हौद्यात उतरला तेव्हा वस्तादांनीच माती लावली होती आणि समोरचा पोरगा त्याच्यापेक्षा दुप्पट होता.

"दिला," तो म्हणाला.

"काय?" शालनला ऐकू आलं होतं. तरी तिने विचारलं.

"दिला. वीस वर्षांसाठी दिला." त्याने शालनकडे पाहिलं. "तुमाला न इचारता दिला. दर कंपनीनं पाडला, ते करारात हाय, आनि सही माझी हाय. तुझ्या पोराला जे काढलं... ते मला आधी म्हाईत होतं."

शालन पोवारचा चेहरा पांढरा पडला. तिला हे सगळं माहीतच होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्याच माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"म्हाईत हुतं?" ती म्हणाली. "आनि गावात येऊन माझ्या तोंडावर सांगितलंस, एकाबी कामगाराला काढलं न्हाई म्हणून?"

"व्हय."

"माझ्या घरात च्या पिऊन सांगितलंस."

"व्हय."

"का दिलास?"

"बॉयलर गेला हुता. सांगायची छाती झाली न्हाई. वाटलं, तुमी समदी सोडून जाशीला."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं. रागाचं होतं. तिने मागे बायकांकडे पाहिलं. मग काहीही न बघता उंबरा ओलांडून आत आली. वस्तादांनी अडवलं नाही. तिने सर्जेराव खोचऱ्यांचा मातीने भरलेला दंड धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"चल," ती म्हणाली. "हे असंच तिथं सांगायचं. समद्यांच्या म्होरं. मग बघतो मी तुझ्याकडं."

ती त्याला ओढत उंबऱ्यापर्यंत घेऊन गेली. बाहेर बायकांनी वाट केली नाही, त्या भोवती दाटल्या. कोणी सदरा धरला, कोणी दुसरा हात. कोणी शिव्या देत होतं. शिव्या अस्सल होत्या आणि त्यांतली एकही त्याला नवी नव्हती, तरी आज प्रत्येक लागत होती.

सर्जाने मान वळवली.

"वस्ताद! तुमी येताय न्हवं?"

वस्ताद हौद्यात उतरून खाली पडलेलं लिंबू शोधत होते.

"न्हाई."

"बूट तरी..." त्याने पायांकडे पाहिलं. कोणी थांबायला तयार नव्हतं. अनवाणीच निघावं लागणार होतं. त्याच्या आवाजात पुन्हा तो जुना राग आला आणि त्याखाली भीती होती, ती त्याला लपवता येईना. "ही माणसं आज मला पाडणार, वस्ताद!"

वस्तादांना लिंबू सापडलं. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं.

"पाडाय आधी धराय लागतंय, सर्जा."